छोट्या लॅपटॉपवर लिनक्स: स्क्रीनचे रिझोल्युशन दुरुस्त करण्याची पायरीवार पद्धत

सात ते बारा इंची लॅपटॉपवर लिनक्स टाकले की पुष्कळदा स्क्रीनवरच घोडे अडते. अक्षरे फुगलेली आणि पुसट दिसतात, खिडकीचे खालचे बटण स्क्रीनबाहेर जाते, किंवा सगळे इतके बारीक दिसते की डोळे दुखतात. शोधाशोध केली की एकच सल्ला पुन्हा पुन्हा समोर येतो: टर्मिनल उघडा आणि नवा मोड, म्हणजे स्क्रीनचा नवा आकार, घाला. हा सल्ला क्वचितच लागू पडतो. लॅपटॉपच्या पॅनलला आपले खरे रिझोल्युशन माहीत असते आणि लिनक्सला ते विचारताही येते. म्हणून चुकीचा आकार दिसला, तर या दोघांच्या मध्ये काय अडले आहे ते आधी शोधा. नवा मोड घालणे हा शेवटचा उपाय आहे, त्यामुळे या लेखातही तो उशिरा येतो.

कमांड वाचण्याबद्दल एक सूचना. इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहा, आकडेही इंग्रजी वापरा, आणि × या खुणेच्या जागी इंग्रजी एक्स हे लहान अक्षर टाका. शब्द नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहायचे, लघुरूपे अक्षरागणिक. सगळ्यात जास्त लागणारी कमांड एक्सरँडआर; ती स्क्रीनचे आकार दाखवते आणि बदलते. तिची अक्षरे एक्स, आर, ए, एन, डी, आर. एलव्हीडीएस-१ किंवा ईडीपी-१ अशी जोडण्यांची (चिपपासून स्क्रीनकडे जाणाऱ्या वाटांची) नावे मात्र तुमच्या स्क्रीनवर जशी दिसतील अगदी तशीच लिहा. त्यात लहानमोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय हवे

- ॲडमिनचा पासवर्ड, म्हणजे सुडो वापरण्याची परवानगी
- हा लेख वाचायला दुसरे यंत्र, कारण मध्येच लॅपटॉपची स्क्रीन काळी पडू शकते
- लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह, शक्यतो ज्यावरून इन्स्टॉल केले तोच
- इंटरनेट, वायफायचा ड्रायव्हर नसेल तर केबल किंवा फोनवरून यूएसबी टेदरिंग
- लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल नाव, जे तळाच्या स्टिकरवर असते

बाहेरचा मॉनिटर असेल तर बाजूला ठेवा, पण आत्ता जोडू नका. तपासणी चालू असताना लॅपटॉपला फक्त स्वतःची स्क्रीन असावी.

१. पॅनलचे खरे रिझोल्युशन ठरवा

एलसीडी पॅनलला एकच खरे रिझोल्युशन असते. बाकीचे सगळे आकार चित्र ताणून किंवा आखडून दाखवले जातात, म्हणून ते पुसट दिसतात. २००७ सालच्या पहिल्या सात इंची नेटबुकमध्ये ८००×४८० होते. त्यानंतरच्या दहा इंची नेटबुकमध्ये बहुतेक १०२४×६००, काहींत १०२४×५७६. साडेअकरा इंची यंत्रांत १३६६×७६८, आणि अलीकडच्या छोट्या लॅपटॉपमध्ये १९२०×१०८० किंवा १९२०×१२०० सापडते.

मॉडेलचे नाव घेऊन उत्पादकाच्या तपशीलपत्रात आकडा पाहा आणि कागदावर लिहून ठेवा. नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधू नका. १०२४×७६८ आणि १०२४×६०० यांची रुंदी सारखीच असते, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही. फक्त वर्तुळे चपटी दिसतात किंवा खालचा भाग कापला जातो.

२. सत्र एक्स११ चे की वेलँडचे, ते पाहा

आजच्या लिनक्समध्ये चित्र स्क्रीनवर आणणाऱ्या दोन व्यवस्था आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर चालवून लोकांचे तासन्‌तास जातात. टर्मिनलमध्ये हे लिहा. डॉलरच्या खुणेपुढचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत:

इको $एक्सडीजी_सेशन_टाइप

उत्तर एक्स११ किंवा वेलँड असे येईल. एक्सएफसीई, माटे आणि सिनॅमन हे डेस्कटॉप आजही सहसा एक्स११ वर चालतात. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा बहुतेक ठिकाणी वेलँडवर. वेलँडमध्ये एक्सरँडआर चालवली तर ती माहिती दाखवते, पण तिने केलेला बदल स्क्रीनवर लागू होत नाही. तिथे डिस्प्ले सेटिंग्ज वापरावी, किंवा पुढे दिलेला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, पर्याय.

३. ड्रायव्हर नीट चालतो आहे का

ड्रायव्हर म्हणजे चित्राची चिप चालवणारा प्रोग्राम. या पायरीला वेळ द्या, कारण आकाराच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. एक्स११ मध्ये एक्सरँडआर एवढेच लिहून एंटर दाबा. जोडण्यांची यादी येईल आणि प्रत्येकीखाली मिळू शकणारे आकार दिसतील. ज्या आकारापुढे तारांकन आहे तो सध्या चालू आहे. ज्यापुढे अधिक चिन्ह आहे तो पॅनलने स्वतः सुचवलेला आहे.

यादीत एलव्हीडीएस किंवा ईडीपी (लॅपटॉपच्या स्वतःच्या पॅनलची जोडणी) असे नाव असेल तर ड्रायव्हर जागेवर आहे. त्याऐवजी डीफॉल्ट किंवा नन-१ असे नाव दिसले, खाली एखाददुसराच आकार दिसला, किंवा वर गॅमाचा आकार मिळाला नाही अशी तक्रार आली, तर खरा ड्रायव्हर चालूच झालेला नाही. लिनक्स तेव्हा फर्मवेअरने (यंत्र चालू करणाऱ्या बायोस किंवा यूईएफआयने) दिलेल्या साध्या चित्रावर दिवस काढत असते. जुन्या बायोसच्या आकारांच्या यादीत १०२४×६०० बहुधा नसतोच, म्हणून ८००×६०० किंवा १०२४×७६८ गळ्यात पडतो. अशा वेळी नवे मोड कितीही घाला, ते स्वीकारलेच जाणार नाहीत.

ड्रायव्हर का चालू झाला नाही, याची नेहमीची कारणे तीन.

*पहिले कारण: नोमोडसेट.* इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली म्हणून सेफ ग्राफिक्स किंवा बेसिक ग्राफिक्स हा पर्याय निवडला असेल, तर नोमोडसेट हा शब्द कर्नलच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) बसतो आणि इन्स्टॉलर तो तसाच कायमच्या व्यवस्थेत उतरवतो. त्याचा अर्थच असा की कर्नलने स्क्रीनचा आकार ठरवायचा नाही. तपासायला:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन

यात नोमोडसेट दिसला तर आधी एकदाच काढून पाहा. रीस्टार्ट करा. ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येत नसेल तर जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआय असेल तर एस्केप दाबा. वरच्या नोंदीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून नोमोडसेट पुसा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. बिघडले तर बंद करून पुन्हा चालू केले की सगळे पूर्वीसारखे होते.

स्क्रीन नीट आली तर तो शब्द कायमचा काढा. डेबियन, उबुंटू आणि मिंटवर:

सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब

इथे ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डीफॉल्ट ही ओळ शोधा. ती सगळी मोठ्या अक्षरांत असते. अवतरणचिन्हांतून नोमोडसेट काढा, कंट्रोल ओ आणि एंटर दाबून साठवा, कंट्रोल एक्स दाबून बाहेर या आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. अपडेट-ग्रब विसरलात तर फाइल बदललेली दिसेल, पण फरक काहीच पडणार नाही. ही चूक फार सर्रास होते. फेडोरावर हेच काम ग्रबी नावाच्या कमांडने होते; तिला --अपडेट-कर्नल=ऑल आणि --रिमूव्ह-आर्ग्स="नोमोडसेट" हे दोन पर्याय द्यायचे. त्यातला ऑल मोठ्या अक्षरांत.

*दुसरे कारण: फर्मवेअर नाही.* एएमडीच्या चिपला ड्रायव्हरशिवाय फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमध्ये भरायच्या, फाइलीही लागतात. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, त्या इन्स्टॉलरमध्येच येतात. त्याआधीच्या डेबियनवर नॉन-फ्री विभाग चालू करून फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज वेगळे घ्यावे लागते.

*तिसरे कारण: चिपच वेगळ्या घराण्यातली आहे.* पाहण्यासाठी:

एलएसपीसीआय -के

व्हीजीए किंवा डिस्प्ले असे लिहिलेली ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या शब्दांपुढे ड्रायव्हरचे नाव असते. इंटेलचे ॲटम एन२७० आणि एन२८० जीएमए ९५० बरोबर येतात, एन४५० आणि एन४५५ जीएमए ३१५० बरोबर. या चौघांना आय९१५ हा ड्रायव्हर लागतो आणि तो बिनतक्रार चालतो. ॲटम झेड५ मालिकेतील जीएमए ५००, तसेच एन२६०० आणि एन२८०० मधील जीएमए ३६०० आणि ३६५० यांवर शिक्का इंटेलचा असला तरी आतला ग्राफिक्सचा गाभा पॉवरव्हीआरचा आहे. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये जीएमए५००_जीएफएक्स हा वेगळा ड्रायव्हर आहे. तो पॅनलचे खरे रिझोल्युशन देतो, पण त्रिमिती चित्रांचा वेग देत नाही. अशा यंत्रावर ग्नोम किंवा सिनॅमनचा हट्ट धरू नका. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी टाका. यंत्र टाकाऊ मुळीच नाही, फक्त त्याच्यावर हलका डेस्कटॉप हवा.

४. नसलेला मॉनिटर जोडलेला दिसतो का

ड्रायव्हर ठीक आहे, यादीत खरे रिझोल्युशनही आहे, आणि तरी लॉगिन झाले की छोटाच आकार येतो. असे असेल तर खोट्या जोडणीचा संशय घ्या. नेटबुकच्या चिपमध्ये टीव्हीसाठी किंवा बाहेरच्या मॉनिटरसाठी वाट असते, पण प्रत्येक उत्पादक तिचा सॉकेट बाहेर काढतोच असे नाही. कधी कधी ड्रायव्हरला त्या रिकाम्या वाटेवर मॉनिटर असल्याचा भास होतो. मग दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचे म्हणून दोघांना जमेल असा आकार निवडला जातो, आणि तो पॅनलचा नसतो. डेस्कटॉप दोन स्क्रीनवर पसरलेला असेल तर लक्षणे वेगळी दिसतात: टास्कबार सापडत नाही, नवी खिडकी उघडते पण दिसत नाही, माउस कडेतून निघून जातो.

ग्रेप . /सिस/क्लास/डीआरएम/*/स्टेटस

ग्रेपनंतर एक टिंब आहे, ते सोडू नका. ‘सिस’ची अक्षरे एस, वाय, एस. ही तपासणी एक्स११ आणि वेलँड दोन्हींत चालते. बाहेर काहीही जोडलेले नसताना पॅनलशिवाय आणखी कुणापुढे ‘कनेक्टेड’ दिसले, तर चोर सापडला. समजा ते नाव व्हीजीए-१ आहे. एक्स११ मध्ये लगेच बंद करून पाहा:

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑफ

फरक पडला तर ते कायम करण्यासाठी ग्रबच्या त्याच ओळीत व्हिडिओ=व्हीजीए-१:डी हे शब्द घाला आणि अपडेट-ग्रब चालवा. शेवटचे अक्षर लहान डी हवे; त्याचा अर्थ बंद. मोठ्या डीचा अर्थ वेगळा आहे, त्याने जोडणी उलट जबरदस्तीने चालू होते. टीव्हीची वाट असेल तर नाव एसव्हिडिओ-१ असे येते. एक लक्षात ठेवा, ज्या सॉकेटला तुम्ही प्रोजेक्टर जोडता तीच वाट अशी बंद केली तर प्रोजेक्टरही चालणार नाही. तेव्हा हे शब्द काढावे लागतील.

५. काळ्या पडद्यातून परत येण्याची वाट आधी तयार करा

यापुढच्या पायऱ्यांत स्क्रीन काळी पडू शकते. घाबरून बॅटरी काढू नका. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांची स्क्रीन येईल. तिथे लॉगिन करून चुकलेली फाइल पुसा आणि सुडो रीबूट द्या. तीही आली नाही तर ग्रबमध्ये ई दाबून तिथे केलेला बदल काढा. सगळेच थकले तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून फाइल दुरुस्त करता येते.

एक्स११ मध्ये एक फार उपयोगी युक्ती आहे. बदल आणि त्याची परतफेड एकाच ओळीत लिहा, मध्ये अर्धविराम द्या:

एक्सरँडआर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --मोड १०२४×६००; स्लीप १५; एक्सरँडआर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --ऑटो

काही चुकले तर पंधरा सेकंदांनी स्क्रीन आपोआप परत येते. चित्र नीट दिसले तर मगच पहिला भाग एकटा चालवा.

६. यादीत खरे रिझोल्युशन नसेल तरच नवा मोड घाला

पॅनलमध्ये १२८ बाइटचा एक छोटा माहितीचा ठोकळा असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. तो बिघडलेला किंवा रिकामा असला तर ड्रायव्हर ठीक असूनही यादीत खरा आकार येत नाही. आता आकड्यांचे काम. सीव्हीटी कमांडला रुंदी आणि उंची द्या:

सीव्हीटी १०२४ ६००

उत्तरात मोडलाइन या शब्दाने सुरू होणारी ओळ येईल. १०२४×६०० साठी तिच्यात नावानंतर हे आकडे असतात:

४९.०० १०२४ १०७२ ११६८ १३१२ ६०० ६०३ ६१३ ६२४ -एचसिंक +व्हीसिंक

पहिला आकडा पिक्सेलचा वेग, ४९ मेगाहर्ट्झ. त्यापुढचे चार आडव्या ओळीचे आणि शेवटचे चार उभ्या दिशेचे. एका ओळीला दिसणारे १०२४ आणि न दिसणारे धरून १३१२ पिक्सेल लागतात, पूर्ण चित्राला ६२४ ओळी. ४९ मेगाहर्ट्झला या दोन आकड्यांनी भागले की सेकंदाला ५९.८५ चित्रे येतात. हे समजून घेतले तर चुकीची मोडलाइन नजरेत भरते: भागाकार साठाच्या आसपास आला नाही, तर ती वापरू नका.

आता तीन कमांड एकामागून एक द्या. पहिलीत एक्सरँडआर --न्यूमोड लिहून पुढे मोडलाइन या शब्दानंतरचा सगळा मजकूर जसाच्या तसा चिकटवा. नंतर:

एक्सरँडआर --ॲडमोड एलव्हीडीएस-१ "१०२४×६००_६०.००"
एक्सरँडआर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --मोड "१०२४×६००_६०.००"

इथे लोक तीन ठिकाणी अडकतात.

जोडणीचे नाव. नव्या ड्रायव्हरमध्ये ते एलव्हीडीएस-१ असे आडव्या रेषेसह असते, इंटेलच्या जुन्या एक्स११ ड्रायव्हरमध्ये रेषेविना एलव्हीडीएस१. कुठून तरी उचललेली कमांड याच एका रेषेमुळे चालत नाही.

१३६६ ची रुंदी. सीव्हीटी रुंदी आठच्या पटीत नेते, म्हणून १३६६ मागितले की १३६८ देते. ईडीआयडीच्या साध्या नोंदींतही रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते, त्यामुळे काही यंत्रे १३६० दाखवतात. १३६८ चा मोड घेतलात तर मोडलाइनच्या चार आडव्या आकड्यांपैकी पहिलाच १३६६ करा, बाकी तसेच ठेवा. नाव बदलायचे असेल तर तिन्ही कमांडमध्ये तेच हवे.

आणि हव्यास. १०२४×६०० च्या पॅनलला १२८०×८०० चा मोड दिला म्हणून त्याचे पिक्सेल वाढत नाहीत. चित्र येणार नाही किंवा कापलेले येईल. जास्त जागा हवी असेल तर आठवी पायरी पाहा.

वेलँडमध्ये हेच काम कर्नलच्या ओळीतून होते: व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:१०२४×६००एम@६०. यातला एम मोठा लिहायचा. त्यामुळे कर्नल वेळेचे गणित सीव्हीटीच्याच पद्धतीने करतो. आधी ग्रबमध्ये ई दाबून एकदा पाहा, जमले तरच कायम करा.

७. बदल कायम करा

एक्सरँडआरने केलेले सगळे रीस्टार्टनंतर पुसले जाते. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आपल्या होम फोल्डरमध्ये .एक्सप्रोफाइल नावाची फाइल करून तिच्यात त्या तीन ओळी लिहायच्या. सुरुवातीचे टिंब नावाचाच भाग आहे. जीडीएम, लाइटडीएम आणि एसडीडीएम ही तिन्ही लॉगिन व्यवस्थापने ती फाइल वाचतात. मात्र ती लॉगिननंतर वाचली जाते, त्यामुळे लॉगिनची स्क्रीन जुन्याच आकारात राहील.

लॉगिनची स्क्रीनही सुधारायची असेल तर /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये १०-मॉनिटर.कॉन्फ ही फाइल करा. वाटेतला एक्स११ मोठ्या एक्सने लिहायचा, आणि फोल्डर नसेल तर तो बनवायचा. आत एवढेच:

सेक्शन "मॉनिटर"
आयडेंटिफायर "एलव्हीडीएस-१"
मोडलाइन आणि तिचे सगळे आकडे
ऑप्शन "प्रिफर्डमोड" "१०२४×६००_६०.००"
एंडसेक्शन

आयडेंटिफायरमध्ये जोडणीचे नेमके नाव दिले की ती माहिती त्याच पॅनलला लागते. दहा वर्षांपूर्वीची लांबलचक एक्सऑर्ग.कॉन्फ कुठून तरी उचलून ठेवू नका. तिच्यातला ड्रायव्हर तुमच्या यंत्राचा नसतो आणि काळी स्क्रीन ठरलेलीच.

सगळे करूनही लॉगिननंतर आकार उलटा फिरत असेल, तर डेस्कटॉपने स्वतः साठवलेली जुनी सेटिंग आडवी येते आहे. होममधल्या .कॉन्फिग फोल्डरात ग्नोमची मॉनिटर्स.एक्सएमएल आणि एक्सएफसीईची डिस्प्लेज.एक्सएमएल ही फाइल असते. आधी लॉगआउट करा, अक्षरी स्क्रीनवर जाऊन तिचे नाव बदला, मग पुन्हा लॉगिन करा. पुसण्यापेक्षा नाव बदलणे बरे.

८. आकार बरोबर, पण खिडक्या मावत नाहीत

६०० ओळींच्या स्क्रीनवर हा त्रास होणारच, कारण पुष्कळ प्रोग्रामच्या सेटिंगच्या खिडक्या ७६८ ओळी गृहीत धरून बनवलेल्या असतात. ‘ओके’ आणि ‘नेक्स्ट’ ही बटणे स्क्रीनखाली दडतात. इन्स्टॉलरमध्येच असे झाले तर नवखा माणूस तिथेच थांबतो.

आल्ट धरून खिडकीवर कुठेही माउसने पकडा आणि ती वर सरकवा. वरची पट्टी स्क्रीनबाहेर गेली तरी चालते. एक्सएफसीई, माटे, सिनॅमन आणि एलएक्सक्यूटीमध्ये आल्ट चालतो. ग्नोम आणि नव्या केडीईमध्ये त्याऐवजी सुपर, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली की. माउस नसेल तर आल्ट एफ७ दाबून बाणांनी खिडकी हलवता येते. निव्वळ पुढे जायचे असेल तर टॅब दाबत दाबत न दिसणाऱ्या बटणावर जाऊन एंटर देता येते, पण इन्स्टॉलरमध्ये असे आंधळेपणाने करू नका. डिस्कचे विभाग पुसण्याचे बटणही तिथेच असते.

एक्स११ मध्ये तात्पुरती जास्त जागा मिळवता येते:

एक्सरँडआर --आउटपुट एलव्हीडीएस-१ --स्केल १.२५×१.२५

आता डेस्कटॉपला १२८०×७५० जागा मिळते आणि ती १०२४×६०० वर आखडून दाखवली जाते. अक्षरे थोडी पुसट होतात. माउस जुन्या चौकटीतच अडकला तर --पॅनिंग १२८०×७५० जोडा. काम झाले की --स्केल १×१ देऊन परत या. रोजच्या वापराला हे ठेवू नका.

रोजच्यासाठी जागा वाचवा. एक्सएफसीईत पॅनेल प्रेफरन्सेसमध्ये मोड बदलून डेस्कबार केला की टास्कबार उभा कडेला बसतो. रुंदी भरपूर आहे, टंचाई उंचीची आहे. विंडो मॅनेजर ट्वीक्सच्या ॲक्सेसिबिलिटी भागात, मोठी केलेली खिडकी आपली शीर्षकपट्टी लपवेल असा पर्याय मिळतो. ॲपिअरन्सच्या फॉन्ट्स भागात डीपीआय (इंचामागे ठिपके) ९६ वरून ८८ केला तर बऱ्याच खिडक्या नेमक्या मावू लागतात.

९. आकार बरोबर, पण अक्षरे फार बारीक

इथे रिझोल्युशन कमी करू नका. ते खरेच ठेवून स्केल वाढवा. १०.१ इंचावर १०२४×६०० असताना इंचाला साधारण ११७ ठिपके पडतात, ११.६ इंचावर १९२०×१०८० असताना १९०, आणि सात इंचावर १९२०×१२०० असताना ३२० च्या वर.

१९२०×१०८० ला २०० टक्के स्केल दिला तर खिडक्यांसाठी ९६०×५४० एवढीच जागा उरते, म्हणजे जुन्या नेटबुकपेक्षाही कमी, आणि आठव्या पायरीचा त्रास सुरू. १५० टक्क्यांवर १२८०×७२० मिळते, ते चांगले जमते. ग्नोमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०० आणि २०० एवढेच दिसत असेल, तर फ्रॅक्शनल स्केलिंगचे बटण आहे का पाहा. नसेल तर २०० न देता ट्वीक्स या प्रोग्राममधून फक्त अक्षरांचा स्केल १.२५ ते १.५ करा. केडीईत हवा तो टक्का थेट निवडता येतो. एक्सएफसीईत डीपीआय १२० ते १४४ ठेवून पाहा.

१०. चित्र आडवे पडलेले

सात-आठ इंची काही लॅपटॉपमध्ये टॅबलेटचे उभे पॅनल आडवे बसवलेले असते, म्हणून चालू होताना अक्षरे कुशीवर झोपलेली दिसतात. पुष्कळ मॉडेलांची नोंद कर्नलमध्येच आहे, तेव्हा आधी नवा कर्नल घ्या. तरी न जमल्यास एक्स११ मध्ये एक्सरँडआर --आउटपुट डीएसआय-१ --रोटेट राइट (डीएसआय-१ च्या जागी तुमच्या पॅनलच्या जोडणीचे नाव), वेलँडमध्ये डिस्प्ले सेटिंगमधून दिशा बदला. सुरुवातीच्या अक्षरी स्क्रीनसाठी कर्नलच्या ओळीत एफबीकॉन=रोटेट:१ घाला. उलट्या बाजूला फिरले तर १ च्या जागी ३. एक्स११ मध्ये चित्र फिरवले तरी टचस्क्रीन आपोआप फिरत नाही. एक्सइनपुट या कमांडने तिचा क्रमांक शोधा, मग एक्सइनपुट मॅप-टू-आउटपुट, तो क्रमांक आणि जोडणीचे नाव असे द्या.

११. शेवटी बाहेरचा मॉनिटर जोडा

पॅनल स्वतःच्या आकारात आल्यावरच मॉनिटर जोडा आणि मिरर न निवडता एक्सटेंड निवडा. मिररमध्ये दोघांना जमेल तोच आकार मिळतो. जीएमए ९५० वर आणखी एक मर्यादा आहे: तिचा त्रिमिती भाग २०४८×२०४८ पलीकडे चालत नाही. १०२४ चे पॅनल आणि १२८० चा मॉनिटर शेजारी ठेवले की रुंदी २३०४ होते आणि डेस्कटॉप रेंगाळू लागतो. तोच १२८०×१०२४ चा मॉनिटर सेटिंगमध्ये पॅनलच्या वर ठेवा: रुंदी १२८०, उंची १६२४, आणि दोन्ही मर्यादेत राहतात.